माहेरचा डोळा

पुण्याच्या बिबवेवाडीत, अप्पर नावाच्या वस्तीकडे चढणाऱ्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला पिठाची गिरणी, आणि तिला चिकटून 'पूर्णिमा मॅचिंग सेंटर'. दुकानाला नाव मुलीचं, गल्ल्यावर बाप, आणि वारस म्हणून तयार करायचं ते मुलाला. आपल्याकडची पद्धतच ती. पाटीवर मुलगी चालते.

मालक तात्याराव भिंताडे. बाई साडी घेऊन आली की तिला जुळणारं ब्लाऊजपीस, परकर, साडीच्या काठाला आतून लावायची फॉलची पट्टी काढून द्यायची, हा धंदा. सोपा वाटतो. करून बघावा. हिरवा म्हणजे काही एकच हिरवा नसतो. पोपटी आहे, शेवाळी आहे, मेंदी आहे, मोरपंखी आहे, रामा आहे, आणि प्रत्येकात फिका-गडद वेगळा. दुसरे दुकानदार कापड घेऊन दारात उजेडाला जातात. तात्याराव खुर्चीवरून उठत नसत. साडीकडे एकदा बघायचं, मागे हात घालायचा आणि तागा काउंटरवर आदळायचा. "जुळलं नाही तर परत आणा. आजवर कुणी आणलेलं नाही." त्यांचे वडील पेठेत साड्या रंगवायच्या कारखान्यात कामाला होते. त्यामुळे रंग आमच्या रक्तातच आहे, असं तात्याराव म्हणत. गिऱ्हाइकाने विचारलेलं नसलं तरी म्हणत.

पण ही गोष्ट तात्यारावांची नाही. ती त्यांच्या पाठीमागे, पडद्याआड, शिलाई मशीनवर बसणाऱ्या मथुराबाईंची. मथुराबाई हिंजवडीच्या. माहेरी शेती, विहीर, बैल, आणि गावात शब्दाला वजन असलेला बाप. सातवी झाल्या, लग्न झालं आणि बिबवेवाडीच्या दोन खोल्यांत आल्या. तेव्हापासून फॉल लावायचा, पिको करायचा, आणि पुढून तात्यारावांचा आवाज ऐकायचा. बोलायला कमी. पण एकदा तोंड उघडलं की समोरचा तव्यावरच्या भाकरीसारखा उलटायचा. म्हणूनच बहुधा तात्याराव त्यांना बोलायची वेळ येऊ देत नसत.

साल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. पुण्याच्या गल्लीगल्लीत कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. हिंजवडीत मोठमोठ्या कंपन्या येणार म्हणून जमिनी मोजून झाल्या होत्या. तात्यारावांचा मुलगा विश्वजीत, म्हणजे विशू, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता. दुपारी कॉलेज सुटलं की तो काउंटरवर उभा राहायचा. दोन वर्षं राहत होता. हात संथ, पण माल बरोबर द्यायचा. गणपतीत त्याने विषय काढला, "तात्या, मला कॉम्प्युटरचा क्लास लावायचाय."

"लाव की. आणि दुकानात कोण, कॉम्प्युटर बसणार?"

त्यावरून घरात मोठं वाजलं. विशू पुन्हा काउंटरवर उभा राहिला. दसऱ्याआधी तात्यारावांनी दुकानाला रंग काढला. सगळे तागे खाली उतरवले आणि परत लावताना मांडणी बदलली. रुबिया होतं तिथे पॉपलीन, परकर होते तिथे अस्तर.

त्या आठवड्यापासून विशू चुकायला लागला.

आधी एक फॉल परत आला. मग दोन ब्लाऊजपीस. मग एका दुपारी चव्हाणबाई आल्या आणि काउंटरवर पिशवी उपडी केली. मेंदी रंगाची साडी, आणि तिच्यावर शिवून तयार झालेलं तपकिरी ब्लाऊज. "तात्याराव, माझ्या मुलीचा साखरपुडा आहे. तमाशा नाही."

तात्यारावांनी ब्लाऊज पाहिलं, साडी पाहिली आणि विशूच्या थोबाडीत दिली. दुकानात चार बायका होत्या. एकोणीस वर्षांच्या पोराला चार बायकांसमोर मारतात तेव्हा लागतं ते गालाला नव्हे.

"मुद्दाम करतो हा," तात्याराव चव्हाणबाईंना सांगत होते. "दोन वर्षं बिनचूक देत होता. क्लासला नाही म्हटलं आणि याला रंग दिसेनासे झाले. बापाचं दुकान बुडवायला निघालाय."

पडद्याआडून मथुराबाईंना सगळं ऐकू येत होतं. त्यांनी मशीन थांबवलं नाही. पण त्या दिवशी शिवलेला फॉल त्यांना दुसऱ्या दिवशी उसवावा लागला.

रात्री जेवताना तात्यारावांनी निकाल सांगितला. पाडव्याला दुकानाची पूजा. तोवर पोरगा सरळ झाला तर ठीक. नाहीतर पाडव्यापासून या घरात त्याचं ताट नाही. एवढं बोलून त्यांनी विशूशी बोलणंच बंद केलं. "त्याला सांग", "त्याला विचार", असं बायकोच्या मार्फत सुरू झालं. तात्याराव शब्दाचे पक्के होते. त्यांनी सख्ख्या भावाशी अकरा वर्षं बोलणं टाकलं होतं, तेही एका सायकलवरून. तेव्हा ही धमकी पोकळ नाही, हे मथुराबाईंना पुरेपूर माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पोराला मशीनपाशी बसवलं. "खरं सांग. मुद्दाम दिलंस?"

"नाही गं आई. मला तो मेंदीच वाटला."

"मग दोन वर्षं कसा ओळखत होतास?"

विशूने हवेतच बोटाने फळ्या मोजल्या. मग म्हणाला, "जागा पाठ होत्या. तिसऱ्या फळीवर डावीकडून चौथा म्हणजे मेंदी."

"आणि समोरच्या साडीचा रंग कुठला ते?"

"विचारायचो. काकू, हा शेवाळी म्हणायचा की मेंदी? बायकांना सांगायला आवडतं. मग त्या म्हणतील ते नाव घ्यायचं आणि त्या जागेवरून काढून द्यायचं." त्याने खालची एक चिंधी उचलली. "मला वाटायचं सगळ्यांना असंच दिसतं. बाकीचे माझ्याहून हुशार आहेत, एवढंच."

शेजारी हुक लावत बसलेल्या पूर्णिमाने मान वर केली. पूर्णिमा विशूपेक्षा तीन वर्षांनी मोठी. तिने एक राणी रंगाचं आणि एक जांभळं रीळ उचललं. "हे दोन वेगळे दिसतात?"

"थोडे."

मग तिने शेवाळी आणि विटकरी रीळ धरलं. विशूने दोन्ही हातात घेतली, खिडकीकडे नेली, फिरवली. "एक जरा गडद आहे."

मथुराबाईंनी दोन्ही रिळं त्याच्या हातून काढून घेतली. पोरगा खोटं बोलत नव्हता, हे कळलं तो आनंद एकीकडे, आणि हे काय नवीन म्हणून धसका दुसरीकडे.

पूर्णिमाच्या मैत्रिणीच्या ओळखीने तिघं कोथरूडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर शेफाली वयाने लहान आणि जिभेने तेज. तिने एक पुस्तक उघडलं. पानभर रंगीत ठिपके. मथुराबाईंना ठिपक्यांत चौऱ्याहत्तर आकडा दिसला. पूर्णिमालाही तोच. विशू म्हणाला, "एकवीस." पुढच्या पानावर दोघींना आकडा दिसला, विशूला नुसते ठिपके.

"लाल आणि हिरव्यातला फरक याला नीट कळत नाही," डॉक्टर म्हणाली. "जन्मापासून. काकू, तुमच्या वडिलांना असं आहे का? किंवा भावांना?"

मथुराबाई ताठ झाल्या. "आमच्याकडे कुणी आंधळं नाही."

"आंधळं कोण म्हणालं? रंगांचं विचारतेय मी."

"नाही. कुणी नाही. आणि माझ्याच माहेरचं का विचारताय? पोरगा भिंताड्यांचा आहे."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. तिला हा प्रश्न नवा नसावा. आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत डीएनए नावाचे फार लांब धागे असतात, ती म्हणाली. इतके बारीक की नुसत्या डोळ्याला दिसायचे नाहीत. शरीर कसं बनवायचं, कसं चालवायचं, त्याच्या सूचना त्या धाग्यांवर असतात. शरीरातला एखादा पदार्थ कसा बनवायचा ती एक सूचना म्हणजे एक जनुक. हे धागे गुंडाळलेले असतात, त्या गुंडाळ्यांना गुणसूत्रं म्हणतात. माणसाकडे त्यांच्या तेवीस जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. अर्धं अर्धं.

"शेवटची जोडी जरा निराळी. बाईकडे दोन्ही सारखी, त्यांना एक्स म्हणतात. पुरुषाकडे एक एक्स आणि दुसरं वाय. डोळ्यात लाल आणि हिरवा पकडणारे पदार्थ असतात. ते कसे बनवायचे ही सूचना एक्सवर आहे. वायवर नाही. बाईच्या एका एक्सवरची सूचना बिघडलेली असली तर दुसरी सांभाळून घेते. पुरुषाकडे दुसरी असतच नाही."

मथुराबाई मशीनवर आयुष्य काढलेल्या. त्यांनी आपल्या भाषेत लावून पाहिलं. "म्हणजे माझ्याकडे दोन रिळं आहेत. एकाचा रंग उतरलाय. मी दुसऱ्यावर शिवत राहिले, म्हणून मला कळलंच नाही."

"बरोबर."

"आणि याला एकच मिळालं, ते उतरलेलं."

"तेही बरोबर. दुसरं मिळालं असतं तर काही झालं नसतं. नाणं उडवल्यासारखं आहे, तुम्ही निवडून थोडंच दिलंत."

"आणि बापाकडचं? त्यांची नजर तर अशी आहे की..."

"बापाकडून मुलाला वाय जातं, म्हणून तर तो मुलगा. बापाचा एक्स जातो मुलीला."

पूर्णिमा खुर्चीत पुढे सरकली. "म्हणजे तात्यांचा एक्स माझ्याकडे आलाय? आणि विशूकडे नाही?"

"विशूकडे येऊच शकत नाही. आला असता तर ती विशी झाली असती."

विशू कितीतरी दिवसांनी हसला. मथुराबाईंनी औषध विचारलं. औषध नाही. चष्मा? त्यानेही हे बरं होत नाही. "हा आजार नाही काकू. तो वाचेल, लिहील, नोकरी करेल. फक्त साडीवर फॉल निवडायला त्याला पाठवू नका."

आता वाचणाऱ्याला वाटेल, झालं, सुटला प्रश्न. डॉक्टरने सांगितलं, घरी जाऊन सांगायचं. असं वाटणाऱ्याने तात्याराव पाहिलेले नाहीत.

"ठिपके?" तात्याराव म्हणाले. "पुस्तकातले ठिपके मोजून तिने ठरवलं माझा मुलगा काय आहे ते? मथुरा, बी बापाचं असतं. आई म्हणजे वाफा. मेथी पेरली तर मेथीच येते, वाफा कुणाचा का असेना. माझा बाप रंगात गेला, मी रंगात गेलो, आणि माझ्या पोटी हा?"

"अहो, हे आईकडून येतं म्हणाली ती."

"अस्सं. मग तुझ्या माहेरी दाखव की असा कुणी. एक पुरुष दाखव. तुझे आप्पा? गावचे सरपंच होते. की तुझा भाऊ रंगराव? दाखव एक, मी पोराची माफी मागतो. नाही ना? मग ढोंग आहे हे. पोरगा ढोंगी, आणि आई त्याची वकील."

तात्यारावांसारखी माणसं अशीच अडवतात. हे 'बी बापाचं, वाफा आईचा' आपल्याकडे इतक्या जणांनी इतक्यांदा म्हटलंय की ते खरंच वाटायला लागलंय. नाव बापाचं, जमीन बापाची, कीर्ती बापाची. पोरगं दिवटं निघालं की मात्र आईच्या वळणावर गेलं. मथुराबाईंनी नवऱ्याचं 'एक पुरुष दाखव' तेवढं धरून ठेवलं. त्यांनी माहेरचे पुरुष एकेक आठवून पाहिले. भाऊ रंगराव. धाकटा बाळ. दोघांची नजर घारीची. मग आप्पा. आप्पासाहेब कसला रंग चुकले होते कधी? ते तर सुगीत विहिरीच्या काठावर बसून असत, बायका मिरच्या तोडायच्या तेव्हा...

तिथे त्या अडखळल्या.

त्यांच्या माहेरी एक रीत होती. पिकलेल्या मिरचीला घरातल्या पुरुषाने हात लावायचा नाही. हिरवी तोडली तर चालेल, लाल नाही. पुरुषाचा हात लागला की झाडावर बोकड्या पडतो, म्हणजे पानं आक्रसून झाड वठतं. साऱ्या हिंजवडीत ही रीत कुणाकडे नव्हती, फक्त यांच्या घरात. मथुराबाईंनी ती कधी तपासली नव्हती. घरातल्या रिती कोण तपासतो?

दिवाळीच्या आठ दिवस आधी मथुराबाई पूर्णिमाला घेऊन मनपाच्या थांब्यावरून हिंजवडीच्या बसमध्ये बसल्या. वावरात मोजणीचे दगड रोवलेले होते. पुढच्या साली इथे नांगर चालणार नव्हता. विहिरीलगत मिरचीचा तुकडा मात्र लालभडक झाला होता.

रंगराव बैलाला पाणी दाखवत होता. मथुराबाईंनी त्याला ताटवा दाखवला. "त्या वळीतल्या पिकलेल्या तेवढ्या तोड."

"आक्का, येडी झालीस का? आपल्यात गड्यानं हात लावायचा न्हाय. बोकड्या पडतो."

"पडू दे. पुढच्या वर्षी इथं कंपनी येणार. तिच्यावर पडंल."

रंगराव कुरकुरत वाकला. एक ओळ घेतली आणि संपवली. मथुराबाई मागून झाड न् झाड बघत गेल्या. त्याने एकही लाल मिरची मागे ठेवली नव्हती, एकही हिरवी चुकून तोडली नव्हती. "झालं समाधान?" म्हणत त्याने हात धोतराला पुसला.

मथुराबाई बांधावर बसल्या. "चुकली ती डॉक्टर. आमच्यात काही नाही."

"आई, मामाला बघून काय होणार?" पूर्णिमा म्हणाली. "मामाला आप्पांकडून वाय आला. एक्स आजीकडून. आप्पांचा एक्स मामाकडे आलाच नाही. तो आला तुझ्याकडे."

रीत मुलांनी उचलली होती. डोळा मुलीकडून पुढे गेला होता. दोन्ही एकाच म्हाताऱ्याचं देणं, पण वाटा निराळ्या. मथुराबाईंनी विहिरीकडे पाहिलं. आप्पासाहेब काठीवर हनुवटी टेकून मघापासून सगळं बघत होते. वय ऐंशीच्या घरात, फेटा कडक.

त्या जवळ गेल्या तशी म्हातारा म्हणाला, "भावाला पारखलंस. आता बापाला पारखायला आलीस व्हय, मथे?"

मथुराबाईंनी आडपडदा ठेवला नाही. थोबाडीत सांगितली, ठिपके सांगितले, पाडवा सांगितला. "पोराचं ताट बंद करणार म्हणत्यात. तुमाला लाल मिरची दिसती का, आप्पा?"

म्हाताऱ्याने हात पुढे करून बोटं चोळली.

"बोटाला कळती," आप्पासाहेब म्हणाले. "पिकली की मऊ लागती. डोळ्याला पानासारखीच." मग ते विहिरीत बघत बोलू लागले. "धा वर्साचा असंन. चुलत्यानं तोडणीला धाडला. म्या निम्म्या लाल झाडावरच ठिवल्या. त्याला वाटलं कामचुकार हाय. आसुडानं फोडला. दुसऱ्या साली परत फोडला. तिसऱ्या साली माझ्या आईनं डोकं लढवलं. म्हनली, सपनात देवी आली, या घरच्या गड्यांनी पिकल्या मिरचीला शिवायचं न्हाय, बोकड्या पडंल. चुलता देवीला भ्यायचा. झाली रीत."

"आजीनं बनवली?"

"मग? देवीला दुसरी कामं न्हाईत व्हय?"

मथुराबाईंना हसू आलं आणि डोळेही भरले. "मग हे एवढं आमच्या घरी येऊन सांगा. ह्यांच्या समोर."

आप्पासाहेबांचा चेहरा मिटला. "जावयाच्या दारात उभा राहून म्या सांगू, मला दिसत न्हाय? गावानं धा वर्सं सरपंच केला मला. न्हाय जमायचं."

मग मथुराबाई तापल्या. "तुमच्या आईनं तुमच्यासाठी देवीच्या नावानं साऱ्या भावकीला खोटं सांगितलं. मी तुमच्याकडं नुसतं खरं मागतीय. तेवढंबी जड जातंय? ऱ्हाऊ द्या. माझ्या पोराचं ताट उचललं तर माझंबी उचलंल, आन मी कुठं जाईन ते तुमी इचारू नका."

चहा न घेता त्या बसला निघाल्या. लेक माहेराहून चहा न घेता जाणं म्हणजे काय, ते आप्पासाहेबांना समजायला डॉक्टर लागत नव्हता.

पाडव्याला सकाळी दुकानात पूजा झाली. झेंडूचं तोरण, पेढे, ओळखीच्या बायका. चव्हाणबाईही आल्या होत्या; साखरपुडा कसाबसा पार पडला होता आणि आता लग्नाच्या साड्या होत्या. विशू कोपऱ्यात उभा होता. मथुराबाईंनी कपड्यांची एक पिशवी भरून मशीनखाली ठेवली होती, स्वतःच्या.

तेवढ्यात दारात रंगरावची एम-एटी थांबली. मागच्या सीटवरून आप्पासाहेब उतरले. फेटा, काठी, काखेत एक जुनं लुगडं. तात्याराव गडबडीने उठले. "या मामा, या. दिवाळीचं येणं केलंत."

"गिऱ्हाईक म्हणून आलोय, जावईबापू. म्हातारीच्या लुगड्यावर चोळीला कापड पायजे."

"आत्ता काढतो."

"तुमी बसा. आज म्या काढतो."

लुगडं हिरवं होतं, गर्द शेवाळी. म्हातारा काउंटरच्या आत शिरला. तागे एकेक बघत गेला, घाई केली नाही. मग एक ओढून लुगड्यावर ठेवला. तागा विटकरी होता.

एक बाई फिसकन हसली. तात्यारावही हसले. "मामा, चष्मा घरी राहिला वाटतं."

"चष्मा नाकावर हाय. जुळतंय का सांगा. मला तरी जुळतंय."

"मामा, चेष्टा..."

"चेष्टा करायला म्या दोन कोस न्हाय आलो." दोन कोस नव्हे, चांगले दहा होते, पण कुणी सुधारलं नाही. "हे दोन्ही माझ्या डोळ्याला एकच. जन्मापासनं. कुणाला बोललो न्हाय, म्हातारीबिगर." मग त्यांनी कोपऱ्यात पाहिलं. "विशा, तू रं कसा वळखायचास?"

"जागेवरून, आप्पा."

"शहाणा हायस. म्या बोटावरनं."

तात्यारावांनी दोन तागे उचलले, त्यांची जागा बदलली, पुन्हा समोर धरले, जणू म्हाताऱ्याला पकडायचंच आहे. "यातला लाल कुठला?" आप्पासाहेबांनी दोन्हीवर बोट फिरवलं, सुती कापड बोटाला काय सांगणार, आणि मान हलवली. रस्त्यावरून एक बस चढून गेली. तात्याराव खुर्चीत बसले.

"म्हणजे दोष तुमच्या घराण्यातला," ते शेवटी म्हणाले.

"हाय आमच्यातला. मग?"

पडदा सरकला आणि मथुराबाई पुढे आल्या. चार बायकांसमोर, गल्ल्याच्या पुढ्यात, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. "बी बापाचं, आई वाफा, हे लग्न झाल्यापासून ऐकतेय. आता वाफ्यालाही बी असतं असं निघालं, तर लगेच त्याचा दोष झाला? पोरगा ढोंगी नाही, एवढं दिसलं ना? दिसलं की नाही, सांगा या सगळ्यांसमोर. मारलंत तेव्हाही सगळे होते."

तात्याराव सगळ्यांकडे बघायचं टाळत होते. "दिसलं," ते म्हणाले. मग जरा सावरून, "पण मग गल्ल्यावर कोण बसणार? दुकान काय मी..."

या सगळ्या गोंधळात चव्हाणबाईंची साडी काउंटरवर तशीच पडली होती, नवरीची, अबोली रंगाची, जिला जुळवायला बाजारात घाम फुटतो. पूर्णिमाने मघाच मागे हात घातला होता. तिने तागा काउंटरवर ठेवला. दारात उजेडाला नेला नाही. चव्हाणबाईंनी मात्र नेला, त्या एकदा पोळलेल्या होत्या. दारातून त्या म्हणाल्या, "अडीच मीटर फाड गं पोरी."

"लाल-हिरव्याचं तुमच्याकडचं जे काही असेल ते तिच्याकडे गेलंय," मथुराबाई म्हणाल्या. "विशूकडे जाणारच नव्हतं, तुम्ही जन्मभर मारलं असतं तरी. बसवा तिला."

"मुलगी उद्या लग्न करून जाईल."

"जाईल तेव्हा जाईल. मुलगाही जाईलच की कंपनीत."

तात्यारावांनी कात्री पूर्णिमाकडे सरकवली. त्यात काही समारंभ नव्हता. चव्हाणबाई खोळंबल्या होत्या, एवढंच. मग त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं आणि वीस दिवसांनी मुलाशी पहिलं वाक्य बोलले. "उभा काय राहिलास? आजोबांना चहा सांग. आणि कडक झालाय का ते पिऊन बघ, रंगावर जाऊ नकोस."

विशू चहा सांगायला पळाला. मथुराबाईंनी मशीनखालची पिशवी उचलून घरात नेली.

माफीचं म्हणाल तर ती तात्यारावांनी मागितली नाही. मागतो म्हणाले होते, पण शब्दाचा पक्का माणूससुद्धा सोयीच्या शब्दालाच पक्का असतो. मथुराबाईंनी ते सोडलं नाही. दर पाडव्याला एकदा आठवण करून देत. विशूने क्लास केला, पुढे हिशेबाची सॉफ्टवेअर तपासायची नोकरी धरली, आणि कंपनीच्या बसने त्याच हिंजवडीला जायला लागला. पूर्णिमाचं लग्न ठरवताना मथुराबाईंनी बैठकीतच सांगून टाकलं, हिच्या मुलाला कदाचित रंग कमी दिसतील, नक्की नाही, पण होऊ शकतं. आधी ऐका, मग पोहे खा. एक स्थळ उठून गेलं. दुसऱ्याने पोहे खाल्ले. त्यांच्या घरातल्या टकलाचं काय, हे त्यांनीही मग मोकळेपणी सांगितलं. पूर्णिमा सासरहून रोज दुकानात यायला लागली.

तात्याराव म्हातारपणी खुर्ची टाकून दारात बसत. एखादी जुनी बाई विचारायची, "मुलगा नाही दिसत दुकानात?"

"त्याला रंग कळत नाहीत," ते सांगत, एखादं शास्त्र आपणच शोधून काढल्यासारखं. "आनुवंशिक आहे. सासऱ्यांकडून आलंय."

आणि आतून मशीनचा आवाज थांबायचा. "सासऱ्यांकडून नाही हो. माझ्याकडून. नीट सांगत जा."